कानउघाडणीचं शास्त्र

गेले तीन शनिवार रिलीजच्या नावाने गेले, त्यामुळे इकडे फिरकता आलं नाही. आज बायको माहेरी आहे, चहाचा दुसरा कप समोर आहे आणि बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला एक विषय आहे. जरा जड आहे, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

तर झालं असं. काही वर्षांपूर्वी मी फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात ऑनसाइट होतो. तिथला माझा मॅनेजर दर गुरुवारी बरोबर चार वाजता लॅपटॉप बंद करून निघून जायचा. प्रॉडक्शन पेटलेलं असो, क्लायंट बोंबलत असो, साहेब चारला गायब. एकदा त्याने मला गाडीतून घरी सोडलं तेव्हा आपणहूनच सांगितलं. त्याचं लग्न मोडायच्या बेतात होतं आणि तो नि त्याची बायको आठवड्यातून एकदा चर्चमधल्या समुपदेशकाकडे जात होते. "आणि दर वेळी गृहपाठ मिळतो," असं म्हणून त्याने डॅशबोर्डवरचा कागद दाखवला. कागदावर दोन रकाने होते. डावीकडे काय सोडायचं, उजवीकडे त्याच्या जागी काय धरायचं. डावीकडे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'जेवताना फोन बघणं'. उजवीकडे, 'तिला दिवसभराबद्दल दोन प्रश्न विचारणं'.

मला हसूच आलं. म्हटलं, हे तर आमची आजीसुद्धा सांगेल, त्याला बायबल कशाला? पण कागद डोक्यात राहिला. तो कुठून आला याचा शोध घेता घेता मला एक अख्खी चळवळ सापडली आणि त्या चळवळीत, जरा अनपेक्षितपणे, मी स्वतःही सापडलो. ते शेवटी सांगतो.

आधी थोडा इतिहास. ख्रिस्ती धर्मात पाळकाने (पास्टरला मराठी ख्रिस्ती मंडळी पाळक म्हणतात, किती छान शब्द आहे) लोकांच्या मनाची काळजी घ्यायची ही परंपरा फार जुनी. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरीने पाळकांसाठी जे पुस्तक लिहिलं, त्यात प्रत्येक स्वभावाच्या माणसाशी वेगळं कसं बोलायचं याचे धडे आहेत. भित्र्याशी असं बोला, उर्मटाशी तसं बोला. इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावात रिचर्ड बॅक्स्टर नावाच्या प्युरिटन पाळकाने गावातल्या प्रत्येक कुटुंबाला भेटून बोलण्याची पद्धतच बसवली आणि त्यावर १६५६ मध्ये पुस्तक लिहिलं. म्हणजे मानसशास्त्र नावाचं खातं उघडण्याच्या कितीतरी आधी हे काम चालू होतं.

विसाव्या शतकात मात्र गणित बदललं. फ्रॉइड आला, मनोविकारतज्ज्ञ आले, आणि पाळकांनाही वाटायला लागलं की आपल्याला या नव्या शास्त्रातलं काही कळत नाही. इथे अँटन बॉइसन या माणसाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा स्वतः पाळक. १९२० मध्ये त्याला तीव्र मानसिक आजाराचा झटका आला आणि त्याला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. बरा झाल्यावर तो मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मोपदेशक म्हणून रुजू झाला आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्याने धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिथे प्रशिक्षणासाठी बोलावलं. ग्रंथ वाचता तसे हे रुग्ण वाचायला शिका, असा त्याचा आग्रह. पाळकांच्या आधुनिक प्रशिक्षणाची सुरुवात इथून झाली असं मानतात.

पुढे कार्ल रॉजर्सचा जमाना आला. रॉजर्स आधी स्वतःच पाळक व्हायला निघाला होता, दोन वर्षं न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत शिकला आणि मग मानसशास्त्राकडे वळला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समुपदेशकाने सल्ला देऊ नये. ऐकावं, समजून घ्यावं, समोरच्याला त्याचं उत्तर त्यालाच सापडू द्यावं. १९५० च्या दशकापर्यंत पाळकांच्या प्रशिक्षणात हाच सूर होता. प्रश्न कठीण वाटला की तज्ज्ञाकडे पाठवा. गंमत म्हणजे लोक मात्र अजून पाळकाकडेच जात होते. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, वैयक्तिक अडचणीसाठी ज्यांनी कुणाची मदत घेतली त्यांपैकी ४२ टक्के लोक धर्मगुरूकडे गेले होते. मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळून त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हते. म्हणजे रांग एका खिडकीसमोर, आणि खिडकीतला माणूस म्हणतोय की मला यातलं काही कळत नाही हो!

या खिडकीत १९६० च्या दशकात जे अॅडम्स येऊन बसला. जन्म १९२९ चा, बाल्टिमोरचा. फिलाडेल्फियाच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत तो शिकवायचा. मूळ विषय प्रवचनकला, पण पाळकाने लोकांची काळजी कशी घ्यावी हेही त्याच्याकडे आलं. प्रचलित पुस्तकं वाचून तो वैतागला. मग १९६५ च्या उन्हाळ्यात तो इलिनॉयला गेला, होबार्ट माउरर या मानसशास्त्रज्ञाकडे.

माउरर म्हणजे लहान आसामी नव्हे. १९५४ साली तो अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा अध्यक्ष होता. (लहान मुलांचं अंथरूण ओलं झालं की घंटा वाजते ते यंत्र त्याने आणि त्याच्या बायकोने १९३८ मध्ये मांडलं. इंजिनियर मंडळींना हा माणूस आवडायला हरकत नाही!) आयुष्यभर तो नैराश्याशी झगडत होता. त्याचं मत असं बनलं होतं की बरेच 'मनोरुग्ण' आजारी नसतात. त्यांनी काहीतरी चूक केलेली असते, ती लपवलेली असते, आणि लपवणंच त्यांना खात असतं. उपाय: कबूल करा, भरपाई करा, सुधारा. १९६१ साली त्याने पुस्तक लिहून धर्मसंस्थेलाच विचारलं की तुमची पाप-कबुलीची शिदोरी टाकून तुम्ही फ्रॉइडच्या दारात का उभे आहात? त्याच वर्षी थॉमस झाझचं 'द मिथ ऑफ मेंटल इलनेस' आलं. हवाच तशी होती.

अॅडम्स माउररबरोबर कँकाकी आणि गेल्सबर्ग इथल्या दोन सरकारी मनोरुग्णालयांत राहिला. रुग्णांबरोबर बसला, गटचर्चा पाहिल्या. लोक खरंखरं बोलायला लागले की सुधारतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. परत आला तो वेगळा माणूस होऊनच. त्याने माउररचं सगळं मात्र घेतलं नाही. माउररचं पाप म्हणजे माणसाने माणसाचा केलेला अपराध. देवाला त्यात जागाच नाही, मग हे बायबलचं कसं, असा त्याचा सवाल. (योगायोग पहा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच इलिनॉय राज्यात, एल्जिन गावी, अँटन बॉइसन वारला. एक पाळक स्वतःचा वेडेपणा समजून घ्यायला मनोरुग्णालयात गेला होता, दुसरा मनोरुग्णालयातून बाहेर पडताना म्हणत होता की यातल्या बऱ्याच जणांना आजारच नाही.)

१९६८ मध्ये अॅडम्सने जॉन बेटलरच्या साथीने सीसीईएफ ही संस्था काढली आणि १९७० मध्ये त्याचं पुस्तक आलं, 'कॉम्पिटंट टू काउन्सेल'. शीर्षकाचा रोख पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातल्या १५ व्या अध्यायाकडे आहे. तुम्ही साधे विश्वासणारे लोकच एकमेकांना समजावायला समर्थ आहात, असा त्याचा आशय. तिथल्या ग्रीक क्रियापदावरून अॅडम्सने आपल्या पद्धतीला नाव दिलं 'नूथेटिक'. इंग्रजीत त्याला नेमका शब्द नाही अशी त्याची तक्रार. मला वाटतं मराठीत आहे: कानउघाडणी. नुसता उपदेश नाही, नुसतं रागावणंही नाही. आपला माणूस चुकतोय म्हणून, त्याच्या भल्यासाठी, त्याच्या तोंडावर बोलणं. अॅडम्सच्या व्याख्येतही हीच तीन अंगं आहेत: समोरासमोर बोलणं, त्यामागची कळकळ आणि त्यातून घडणारा बदल.

आता पद्धत. मला ती वाचताना एखाद्या प्रोजेक्टचं प्रोसेस डॉक्युमेंट वाचतोय असंच वाटलं. पहिल्या भेटीआधी एक सविस्तर फॉर्म भरायचा: तब्येत, झोप, औषधं, घरची माणसं, श्रद्धा, आणि 'तुमची अडचण तुमच्या शब्दांत'. शरीराचा काही आजार वाटला तर आधी डॉक्टरकडे तपासणी. मग आठवड्यातून एक भेट, साधारण दोन-तीन महिने. 'असं का वाटतं' यापेक्षा 'काय झालं, तुम्ही काय केलं, आता काय करायचं' यावर भर. भांडण नवरा-बायकोचं असेल तर दोघांनाही समोर बसवायचं. आणि पहिल्या दिवसापासून लेखी गृहपाठ.

तो दोन रकान्यांचा कागद इथलाच. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात जुना माणूस उतरवून नवा माणूस अंगावर घालण्याची कल्पना आहे, कपडे बदलावेत तशी. अॅडम्सने त्यातून सवयीचं तंत्र काढलं. नुसती वाईट सवय सोडून चालत नाही, तिच्या जागी दुसरी ठेवावी लागते, नाहीतर जुनी परत येते. चोराने चोरी थांबवली एवढ्याने तो बदलला असं नाही. तो कष्ट करून कमवायला आणि त्यातलं दुसऱ्याला द्यायला लागला, की बदलला.

दुसरी मला आवडलेली युक्ती म्हणजे घरची 'कॉन्फरन्स'. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी कुटुंबाने एका टेबलाशी बसायचं, प्रत्येकाने आधी स्वतःच्या चुकांबद्दल बोलायचं. कुणी भांडायला लागला तर बाकीच्यांनी ओरडायचं नाही, नुसतं शांतपणे उठून उभं राहायचं. उभं राहणं म्हणजे खूण की चर्चा संपून भांडण सुरू झालंय. आमच्या स्टँडअप मीटिंगमध्ये सगळे आधीच उभे असतात, हाच काय तो घोटाळा :-)

हे सगळं ओळखीचं वाटतंय ना? ठाण्याच्या आय.पी.एच.मुळे आणि डॉ. आनंद नाडकर्णींच्या पुस्तकांमुळे आपल्याकडे अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत बऱ्याच जणांना माहीत आहे. तिथेही गृहपाठ, तिथेही थेट बोलणं. एलिस कट्टर नास्तिक आणि अॅडम्स कट्टर आस्तिक, पण दोघेही त्याच काळात 'बालपणात उकरत बसू नका, आज काय करताय ते बोला' असं सांगत होते.

अॅडम्सच्या पुस्तकातली एक केस बघा. कॉलेजमधला एक मुलगा. निदान काय, तर स्किझोफ्रेनिया. बोलत नाही, हालत नाही. अॅडम्सच्या लोकांनी त्याला सरळ सांगितलं, तुला सगळं कळतंय हे आम्हाला ठाऊक आहे. काही आठवड्यांत पोरगं बोलायला लागलं. नाटकाच्या बॅकस्टेजच्या नादात अभ्यास बुडाला होता, सहामाहीचे निकाल आले होते, घरी काय तोंड दाखवू म्हणून हे सोंग वठवलं होतं. वाचताना टाळी वाजवावीशी वाटते. पण हीच गोष्ट धोक्याचीही आहे. कारण पुढच्या मुलाचं सोंग नसलं तर?

अॅडम्सची विभागणी स्वच्छ होती. शरीराचा आजार असेल तर डॉक्टर. नसेल तर जगण्याचा, म्हणजे शेवटी पापाचा प्रश्न, त्याला पाळक. मधे तिसरी खोलीच नाही. आपल्या भाषेत हार्डवेअर नाहीतर सॉफ्टवेअर. पण आपल्याला विचारा ना! लूपमध्ये अडकलेल्या प्रोसेसने प्रोसेसर तापतो, तापला की मशीनच हळू होतं, आणि मग चांगला कोडसुद्धा अडखळतो. अशा वेळी खराबी कुणाची म्हणायची?

या प्रश्नाची किंमत काय असू शकते हे १९७९ मध्ये दिसलं. कॅलिफोर्नियातल्या सन व्हॅलीच्या ग्रेस कम्युनिटी चर्चमध्ये येणाऱ्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाने १ एप्रिल १९७९ रोजी आत्महत्या केली. चर्चमधल्या पाळकांकडून तो समुपदेशन घेत होता. काही आठवड्यांपूर्वीच त्याने एक प्रयत्न केला होता. हॉस्पिटलात भेटायला आलेल्या पाळकांना तो म्हणाला होता की प्रयत्न फसला याचं मला वाईट वाटतं. ते वाक्य डॉक्टरांपर्यंत किंवा आई-वडिलांपर्यंत पोचलं नाही. पाळकांना वाटलं, हॉस्पिटलला माहीतच असणार. पाळक निष्काळजी होते असंही सरसकट म्हणता येत नाही. त्यांनी त्याला डॉक्टरांच्या भेटी चुकवू नकोस म्हणून सांगितलं होतं, हॉस्पिटलातून सुटल्यावर मुख्य पाळकाने स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. त्याला मनोरुग्णालयात ठेवावं असं डॉक्टरांनी सुचवलं होतं, तेही घडलं नाही. १९८० मध्ये आई-वडिलांनी चर्चवर दावा लावला. नॅली विरुद्ध ग्रेस कम्युनिटी चर्च हा खटला आठ वर्षं खालीवर होत राहिला. शेवटी नोव्हेंबर १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: परवानाधारक नसलेल्या पाळकावर, अशा माणसाला तज्ज्ञाकडे पाठवण्याचं कायदेशीर बंधन लादता येणार नाही.

चर्च जिंकलं. पण मी ते वाचलं तेव्हा मला निकाल आठवत नव्हता, फक्त ते न पोचलेलं वाक्य आठवत होतं.

चळवळीतही पुढे बदल झाले, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. १९७६ मध्ये समुपदेशकांना प्रमाणपत्र देणारी संघटना निघाली होती. २०१३ मध्ये तिने 'नूथेटिक' हा शब्द नावातून काढून 'बिब्लिकल' घेतला, एसीबीसी या नावाने ती आज ओळखली जाते. तिच्या प्रमाणपत्रासाठी प्रशिक्षण, लेखी परीक्षा आणि देखरेखीखाली ५० तासांचं समुपदेशन लागतं. दुसऱ्या पिढीतला डेव्हिड पॉलिसन हा माणूस तर मला फारच आवडला. तरुणपणी मनोरुग्णालयात काम केलेला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून विज्ञानाच्या इतिहासात पीएच.डी. केलेला, आणि ती स्वतःच्याच चळवळीच्या इतिहासावर! त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की माणूस फक्त चूक करणारा नसतो, तो सोसणाराही असतो. त्याच्यावर अन्याय झालेला असतो, त्याचं शरीर थकलेलं असतं. आधी त्याला ओळखा, मग बोला. एडवर्ड वेल्च यांनी १९९८ मध्ये मेंदूचे आजार आणि जबाबदारी यावरच पुस्तक लिहिलं. टीका तरीही थांबलेली नाही. मारहाण सोसणाऱ्या बाईला क्षमेचा गृहपाठ दिला तर काय होतं, हा टीकाकारांचा प्रश्न आजही तितकाच टोकदार आहे.

शेवट कसा झाला? माउररने १९८२ मध्ये आत्महत्या केली. ज्या नैराश्याला तो आजार मानायला तयार नव्हता त्याने शेवटपर्यंत त्याला सोडलं नाही. पॉलिसन २०१९ मध्ये गेला, अॅडम्स नोव्हेंबर २०२० मध्ये.

आता माझी गोष्ट, सुरुवातीला कबूल केलेली.

माझा एक मावसभाऊ आहे. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याने कॉलेजला जाणं बंद केलं. दिवसभर खोलीत. मावशी म्हणाली, "तू त्याचा दादा आहेस, तुझं ऐकेल, जरा बोल त्याच्याशी." मी गेलो. मी तेव्हा अॅडम्सचं नावही ऐकलं नव्हतं, पण जे केलं ते अगदी त्याचंच. समोर बसवलं, म्हटलं, "हे बघ, तुला काही झालेलं नाही, तू पळतोयस." फळ्यासारखा मोठा कागद घेतला, वेळापत्रक केलं. पहाटे साडेपाचला उठणं, व्यायाम, अभ्यास. भिंतीवर चिकटवलं आणि दर रविवारी जाऊन तपासायला लागलो. चार महिने हे चाललं. पोरगं अजून अजून आत जात राहिलं. शेवटी एका रात्री मावशीचा फोन आला, आणि त्यानंतर आम्ही त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. नशिबाने वेळेत नेलं. औषधं, उपचार, एक वर्ष गेलं. आज तो बरा आहे, नोकरी करतो, माझ्यापेक्षा चांगला कोड लिहितो.

हा लेख लिहिण्याआधी त्याची परवानगी मागायला फोन केला. धीर करून विचारलंही, की दादा म्हणून मी तेव्हा किती चुकलो? तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, तो कागद बघून मला रोज सकाळी मरावंसं वाटायचं. पण तू रविवारी यायचास ना, ते बरं वाटायचं. शनिवारी रात्री मी दाढी करून ठेवायचो."

मी कागदासाठी जात होतो आणि तो माझ्यासाठी थांबत होता.

जे अॅडम्सचं अर्धं मला आजही पटतं. साध्या माणसांनी एकमेकांच्या शेजारी बसलं पाहिजे, बोललं पाहिजे, प्रसंगी कान उघडले पाहिजेत. सगळंच तज्ज्ञांच्या खिडकीवर ढकलून चालणार नाही. माझ्या मॅनेजरचं लग्न त्या दोन रकान्यांनी तगलं, हे मी पाहिलंय. पण समोरचा पळतोय की बुडतोय हे आपल्याला बाहेरून ओळखता येतं, हा भरवसा धोक्याचा आहे. मला तो होता. बुडणाऱ्याला पोहण्याचं वेळापत्रक द्यायचं नसतं.

म्हणून मंडळी, एवढंच. तुमच्या घरात कुणी असं खोलीत बसलं असेल तर जरूर जा. दर रविवारी जा. कागद घरी ठेवा. आणि तो जे बोलेल, विशेषतः मरणाबद्दल जे बोलेल, ते स्वतःपाशी ठेवू नका, डॉक्टरांना कळवा. 'त्यांना माहीतच असेल' असं धरून चालू नका. कुणाला विचारावं हेच कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ पासून सुरू आहे.

असो. चहा केव्हाच गार झाला. भेटू पुढच्या शनिवारी, रिलीज नसेल तर!